चित्र कशासाठी काढावयाचे?

(विश्वकर्मा जयंतीच्या उत्सवात ज्ञातिबांधवांपुढे दिलेले व्याख्यान)



उत्सव समितीने आम्हांस विषय दिला तो 'कला आणि जीवन' असा होता. हा विषय एवढा विस्तीर्ण आहे की, त्यावर काहीही बोलले तरी ते खपून जाते. म्हणूनच आम्ही तो जरा आखूड करून घेतला आहे. ज्याला रंधा मारावयाचा असतो तो आधी फळी मापात कापून घेतो, ही गोष्ट या सभेत कोणास सांगावयास नको. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते आणि सारी हयात हातात खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहण्यात गेलेली. सौंदर्यशास्त्राचा ऊहापोह विद्वानांनी करावा. आम्ही आज आपणांपुढे एवढाच प्रश्न ठेवणार आहोत की, माणूस चित्र कशासाठी काढतो?

हा प्रश्न वस्तुतः आमचा नव्हे. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर आपल्यातीलच एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आम्हांकडे आले. मुलगा दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला, आणि त्याला चित्रकलेच्या महाविद्यालयात जावयाचे होते. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, याने चित्रे काढून करावयाचे काय? आमच्या तीन पिढ्यांनी हातांनीच कामे केली. निदान याच्या तरी हाताला घट्टे पडू नयेत." त्यांच्या स्वरात राग नव्हता, काकुळती होती. ज्या बापास मुलाचे कल्याण हवे आहे त्याला 'कला ही ईश्वरी देणगी आहे' असे एखादे सुभाषितवजा वाक्य ऐकवून वाटेस लावणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आज जे बोलणार आहोत ते बव्हंशी त्यांच्याच प्रश्नाला धरून आहे.

लोक या प्रश्नाची जी उत्तरे देतात ती आम्हीही पुष्कळ ऐकली आहेत. कोणी म्हणतात पैशासाठी; परंतु पैशासाठी चित्र काढणाऱ्याने दुसरा धंदा पाहावा, त्यात अधिक मिळते. कोणी म्हणतात कीर्तीसाठी. या उत्तराचा विचार मात्र थोडा थांबून केला पाहिजे, आणि त्यासाठी आपणांस अजिंठ्यास जावे लागेल.

अजिंठ्याची लेणी दोन वेळा कोरली गेली. पहिली इसवी सनापूर्वीच्या काळात आणि दुसरी वाकाटकांच्या अमदानीत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात. खडकाच्या खरबरीत भिंतीवर प्रथम माती, शेण, भाताचा भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा द्यावयाचा, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवावयाचा, आणि मग रंग. रंग बहुतेक आसपासच्या मातीतले आणि दगडातलेच. तांबडी गेरू, पिवळी माती, काजळीचा काळा, हिरव्या मातीचा हिरवा. निळा मात्र राजावर्त मण्याचा. तो दूर अफगाणिस्तानच्या बाजूने येत असे. एवढा खटाटोप करून त्या लोकांनी जातककथा रंगविल्या, राजवाडे रंगविले आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व रंगविला, ज्याच्या खाली झुकलेल्या पापण्यांकडे पाहून आजही गलका करीत आलेली शाळेची सहल क्षणभर गप्प होते. हे आम्ही सांगोवांगी बोलत नाही. अनेक वर्षे सहली घेऊन गेलो आहोत.

आता पाहा. त्या लेण्यांत शिलालेख आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र या भिक्षूचे आहे. ज्यांनी दान दिले त्यांची नावे राहिली. ज्यांनी कुंचला धरला त्यांतील एकाचेही नाव आज आपणांस ठाऊक नाही. आणि पुढे, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ नावाचा एक गोरा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला, दहाव्या लेण्यात शिरला आणि रंगविलेल्या भिंतीवरच आपले नाव व तारीख खरडून गेला! ज्याने काही केले नाही त्याने नाव लिहिले, आणि ज्यांनी सर्व केले त्यांनी लिहिले नाही. कीर्ती हे चित्र काढण्याचे कारण असते तर त्या चित्रकारांनी एखाद्या कोपऱ्यात, एखाद्या हत्तीच्या पायाखाली, आपले नाव लपवून तरी लिहिले असते.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक घरात सांगितले जावे असे आम्हांस वाटते. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. तेथील चैत्यगृहाचे छत कमानदार असून त्यास आतून लाकडी वासे आहेत. दगडी छताला वाशांचा आधार नको असतो. तरीही ते बसविले, कारण ज्यांनी ते लेणे कल्पिले त्यांच्या डोळ्यांपुढे घर म्हणजे लाकडाचेच होते. ते सागवान सुमारे दोन हजार वर्षे तेथे टिकून आहे. त्याच लेण्यात दाराविषयीचे छोटे लेख आहेत. एकात धेनुकाकट या गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याने दाराचे दान दिल्याची नोंद आहे. आणि दुसऱ्यात असे म्हटले आहे की, धेनुकाकटचा वढकी सामी, वेणुवासाचा पुत्र, याने दार केले. वढकी म्हणजे सुतार. आपले विदर्भाकडचे बांधव अद्याप आपणांस 'वाढई' म्हणवितात, तो हाच शब्द होय.

सामी, वेणुवासाचा पुत्र. केवढी मोठी ही वंशावळ! आपण भाटांकडून सूर्यवंशाच्या वंशावळी लिहवून घेतो आणि पदरचे पैसे देतो. इकडे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सुतार आपले नाव, बापाचे नाव, गाव आणि धंदा खडकावर ठेवून गेला आहे, आणि त्याची जयंती-पुण्यतिथी सोडाच, त्याचे नावही आपल्या मुलांस माहीत नाही. शिवाय त्याने काय लिहविले ते ध्यानात घ्या. 'हे दार मी दिले' असे नाही, 'हे दार मी केले' असे. देणारा वेगळा आणि करणारा वेगळा, हा भेद त्याला नीट ठाऊक होता.

कोणी म्हणेल, गुरुजी, आपण चित्राविषयी बोलत होता आणि सुतारकामाकडे वळलात. आम्ही मुद्दामच वळलो. कलावंत निराळा आणि कारागीर निराळा, ही वाटणी आपल्या देशात फार जुनी नाही. 'विष्णुधर्मोत्तर' पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींस मूर्ती कशी घडवावी ते विचारतो, तेव्हा ऋषी त्याला सांगतात की, आधी चित्र जाणले पाहिजे. चित्रासाठी नृत्य जाणले पाहिजे. नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. म्हणजे छिन्नी हाती धरणाऱ्याने गाण्यापर्यंत जावयाचे! मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली, तीही येथील हस्तव्यवसाय सुधारावेत या हेतूने. तेथे १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आले. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे दगडी कोरीवकाम बोरीबंदरच्या स्थानकावर आजही आहे. गाडी पकडण्याच्या घाईत मान वर करावयास सवड नसते एवढेच. पुढे हळूहळू तैलचित्र काढणारा तो 'आर्टिस्ट' आणि लाकूड कोरणारा तो 'मिस्त्री' अशी पायरी पडली. ती पायरी आपण निमूटपणे मान्य केली, आणि घट्ट्यांची लाज वाटू लागली ती तेव्हापासून.

अजिंठ्याविषयी आणखी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८४४ साली मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षे त्या लेण्यांत बसून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला उतरविल्या. त्या विलायतेस पाठविल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तीत बहुतेक जळून गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील प्रमुख. १८८५ पर्यंत हे काम चालले. त्या नकलाही विलायतेस गेल्या आणि १८८५ मध्येच तेथे आग लागून त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. एकाच भिंतीवरील चित्रे दोनदा उतरविली आणि दोनदा जळाली! पुढे या शतकाच्या मागच्या शतकात, १९०९ ते १९११ या काळात, लेडी हेरिंगहॅम पुन्हा नकला करावयास आल्या आणि त्यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार होते. कोणी विचारील, एवढ्या नकला जळूनही लोक पुन्हा का गेले? आम्हांस वाटते, नक्कल हाती राहावी एवढाच त्यांचा हेतू नव्हता. नंदलाल त्या भिंतीपुढे बसून जे शिकले ते कोणत्याही आगीत जळण्यासारखे नव्हते. ते त्यांच्या बोटांत गेले आणि पुढे शांतिनिकेतनात त्यांच्या शिष्यांच्या बोटांत उतरले.

म्हणजे चित्र टिकावे म्हणून काढावयाचे, हेही उत्तर पुरेसे नाही. तसे असते तर आपल्या घरच्या बायकांनी रांगोळी कधीच सोडून दिली असती. उंबऱ्यापुढे सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच मनापासून ठिपके मांडले जातात. ठाणे-पालघर भागातील वारली लोकांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो सुवासिनींनी लिहावयाचा, मधोमध पालघाट देवी काढावयाची, आणि धवलेरीने गीते म्हणावयाची. चौक झाल्यावाचून लग्न पुरे होत नाही. लग्न झाले की तो चौक भिंतीवर आपोआप झिजून जातो, त्याचे कोणास दुःख नसते. त्याच समाजातील जिव्या सोमा मशे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्याविषयी असे सांगतात की, लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बंद झाली आणि ते धुळीत बोटाने चित्रे काढून आपल्या मनातले इतरांस कळवीत. ज्या पोराजवळ शब्द उरले नव्हते त्याच्याजवळ रेघ होती. या एका गोष्टीपुढे आमचे सर्व व्याख्यान फिके आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते आम्ही सहसा सभेत बोलत नाही. पण विषयच असा आहे की ते टाळता येत नाही.

आमच्या वडिलांचे एकही छायाचित्र नाही. ते गावचे सुतार होते. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके, घरांच्या चौकटी हे त्यांचे काम. आम्ही शाळेत असतानाच ते गेले. पुढे नोकरीत स्थिरावल्यावर, तिशी उलटल्यानंतर, आमच्या मनाने असे घेतले की, आपण चित्रकलेचे शिक्षक म्हणवितो, तर वडिलांचे एक चित्र आपल्या हातून व्हावे. किती कागद झाले याचा हिशेब नाही. चेहरा येईना. डोळे मिटले की दिसे, उघडून कागदाकडे पाहिले की पुसला जाई. अखेर आम्ही चेहरा सोडून दिला आणि हात काढावयास घेतले. डाव्या हाताने लाकूड दाबून धरलेले, उजव्या हातात वाकस, पायांच्या अंगठ्याने खालचे टोक रोवलेले. ते एका बैठकीत झाले. जणू कोणी आमचा हात धरून काढवून घेत होते.

आई तेव्हा हयात होती. तिला अक्षरओळख नव्हती, आणि चित्राचे गुणदोष तिने कधी पाहिले नव्हते. तिने कागद उजेडात धरला आणि पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दांड्याला खळगा पडला होता, तो तुला आठवत होता होय रे?" आम्ही कागदाकडे पाहिले. वाकसाच्या दांड्यावर, जेथे अंगठा टेकतो तेथे, आम्ही एक खोलगट रेघ काढली होती. ती का काढली हे आम्हांस सांगता आले नसते. आईने माळ्यावरच्या पेटीतून वाकस काढून आणला. दांड्याला बरोबर त्याच ठिकाणी खळगा होता, आणि आमचा अंगठा त्यात बसेना, कारण वडिलांचा अंगठा आमच्याहून रुंद होता.

ही गोष्ट आम्हांस बरेच दिवस उलगडली नाही. तो खळगा आम्ही लहानपणी पाहिला होता, पण पाहिला आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते. हाताने रेघ ओढली तेव्हा ते कळले. तेव्हापासून आम्ही असे समजत आलो आहोत की, आपणांस माहीत आहे ते माणूस चित्रात काढतो हे अर्धेच खरे. आपणांस काय माहीत आहे ते समजावे म्हणूनही तो काढतो. वर्गात आम्ही मुलांना एक कामगिरी नेहमी देत असू. घरी न जाता, येथेच बसून आपापल्या घराचे दार काढा. रोज चार वेळा ज्यातून ये-जा होते त्या दाराला फळ्या किती, कडी कोणत्या अंगाला, बिजागऱ्या दोन की तीन, हे चाळीस मुलांतून दोन-तिघांस सांगता येई. दुसऱ्या दिवशी सगळी मुले दार पाहून येत, आणि त्यांतील काहींच्या चेहऱ्यावर असे भाव असत की जणू रात्रीतून कोणी त्यांच्या घराला नवे दार बसविले आहे.

हल्ली एक नवीनच प्रश्न विचारतात. संगणकाला चार शब्द सांगितले की तो क्षणार्धात हवे तसे चित्र करून देतो. मग मनुष्याने श्रम कशाला करावयाचे? आम्ही त्या यंत्राची निंदा करणार नाही. यंत्राला शिव्या देणे हा आपल्या ज्ञातीचा स्वभाव नव्हे. आपण यंत्र उघडून पाहणारे लोक. १८३९ साली छायाचित्रणाची कला जाहीर झाली तेव्हाही युरोपात चित्रकला संपली असे लोक म्हणाले होते. मघाशी ज्याचे नाव घेतले त्या गिलनेच उतारवयात अजिंठ्याची छायाचित्रेही काढली, पण तेवढ्याने त्याने कुंचला टाकून दिला नाही. यंत्र चित्र देते हे खरे. परंतु आमच्या वडिलांच्या वाकसाच्या दांड्यावरचा खळगा ते देऊ शकले नसते, आणि दिला असता तरी तो आम्हांस सापडला असे झाले नसते.

याहून कठीण प्रश्न पोटाचा आहे. तो टाळून कलेवर बोलणे म्हणजे उपाशी माणसास पंचपक्वान्नांची नावे ऐकविणे होय. आमच्या ओळखीचे आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवीत. अक्षर असे की, दुरून वाचता यावे आणि जवळून पाहत राहावे. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून मिळणारी पाटी स्वस्त, चकचकीत, वर मालकाच्या छायाचित्रासह. दोन-तीन वर्षांत त्यांचे काम बसले. आता ते इमारतींवर फरशी बसविण्यास जातात. परंतु आषाढ लागला की ते महिना-दीड महिना फरशीचे काम सोडून गणपतीच्या कारखान्यात जातात, आणि तेथे फक्त आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगविणे. मजुरी फरशीच्या कामाहून कमी पडते, घरात त्यावरून कुरबुर होते. आम्ही त्यांना विचारले, हे आपण का करता? ते म्हणाले, "गुरुजी, एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत मला जागचे उठवत नाही. देव एका डोळ्याने बघत असतो आणि दुसऱ्याने नसतो. तसा त्याला सोडून चहाला कसे जावयाचे?"

आम्ही अनेक पुस्तके चाळली, पण कलेचे प्रयोजन इतक्या थोडक्यात कोठे वाचल्याचे स्मरत नाही.

तेव्हा त्या मुलाच्या वडिलांस आमचे म्हणणे असे आहे. चित्रकलेने पोट भरतेच असे आम्ही आपणांस सांगणार नाही. काहींचे भरते, पुष्कळांचे भरत नाही, आणि आपला मुलगा कोणत्या बाजूस पडेल हे आज कोणासही सांगता येणार नाही. जाहिरातीचे, छपाईचे, चित्रपटांच्या नेपथ्याचे, वस्तूंच्या आरेखनाचे व्यवसाय आहेत. त्यांची नीट चौकशी करावी, दोन जाणत्यांस भेटावे, खर्चाचा अंदाज घ्यावा. हे सर्व बापाने करावयाचेच असते. पण आपण घट्ट्यांचे बोललात, ते मात्र आम्हांस मान्य नाही. आमच्या वडिलांस आपल्या घट्ट्यांची लाज कधी वाटली नाही. त्यांना लाज वाटे ती सुगीच्या दिवसांत खळ्याच्या कडेला उभे राहून, सर्वांचे झाल्यावर सुपात जे पडेल ते बलुते घेण्याची. वर्षभर ज्याचा नांगर भरून दिला तो त्यांस 'अरे-तुरे' करी, आणि आम्ही पोते धरून शेजारी उभे असू. तो अपमान हातांचा नव्हता. हातांना मोल न देणाऱ्या रिवाजाचा होता. मुलाला त्या खळ्यावरून दूर न्यावयाचे ते अवश्य न्यावे. त्यासाठी हात तोडून टाकण्याचे कारण नाही.

येथे बाबूराव पेंटर यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. वडील लाकूड, धातू, मूर्ती आणि चित्र या सर्व कामांत निष्णात. म्हणजे घर हत्यारांचेच. बाबूराव आणि आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दोघांनी सिनेमाचे यंत्र पाहिले आणि तसला कॅमेरा आपणच करावा असे त्यांच्या मनाने घेतले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. शिष्य दामले यांस हाताशी घेऊन त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढे आणला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही पुढे 'प्रभात' काढणारी मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. आता सांगा, बाबूराव हे चित्रकार की मिस्त्री? ज्या हाताने पडद्यावर अरण्य रंगविले त्याच हाताने कॅमेऱ्याचे दाते कानसले. ते आपले नाव सांगत ते 'पेंटर', आणि आडनाव होते मेस्त्री. दोहोंपैकी कोणतेही त्यांनी लपविले नाही.

आमची या संस्थेसंबंधी एक लहानशी तक्रार आहे, ती अध्यक्षांच्या परवानगीने मांडतो. आपण दरवर्षी गुणगौरव करतो तो टक्क्यांचा. नव्वदांवर असलेल्यास चांदीचे नाणे, पंच्याऐंशींवर असलेल्यास पुस्तक. हे योग्यच आहे. परंतु विश्वकर्म्याच्या नावाने उत्सव करणाऱ्या संस्थेत, ज्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या हाताने काही केले आहे, त्याची वस्तू मांडावयास एक टेबलही असू नये, हे आम्हांस विचित्र वाटते. मागे एकदा आम्ही हे सुचविले असता 'जागा नाही' असे उत्तर मिळाले. त्या वर्षी भोजनासाठी मांडव वाढविला होता, हे आमच्या लक्षात आहे.

असो. आता प्रत्यक्ष कामाचे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

आपल्या सर्वांची मूळ गावे आहेत आणि त्या गावांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातची कामे आहेत. वाड्यांच्या चौकटी, गणेशपट्ट्या, खांबांवरील कोरीव हस्त, देवळांचे दरवाजे, पाळणे, देव्हारे. जुनी घरे झपाट्याने पडत आहेत. चौकटी व खांब विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात, आणि आपल्या पणजोबाने महिनाभर बसून कोरलेली पट्टी कोठल्या तरी हॉटेलच्या भिंतीवर शोभेसाठी जाऊन बसते. ते थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या अशा एका वस्तूचे चित्र काढून संस्थेस द्यावे, एवढे आपल्या हाती आहे. फोनमधला फोटो अवश्य घ्यावा, पण तो पुरेसा नाही. पेन्सिलीने काढावे, मापे लिहावीत, लाकूड कोणते, सांधा कसा घातला आहे, आणि करणाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास त्याच्या बापाच्या नावासह लिहावे. सामीने लिहिले होते तसे.

ज्यांना काढता येत नाही असे वाटते त्यांच्यासाठी आम्ही पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा संस्थेच्या सभागृहात बसणार आहोत. वयाची अट नाही. आजोबा-नातू एकत्र आले तर अधिक बरे. भगिनींनी विशेषेकरून यावे, ठिपके मांडून मांडून त्यांचा हात आधीच तयार असतो. मुलाला चित्रकलेस घालावे की नाही याचा निर्णय ज्यांचा व्हावयाचा आहे त्यांनीही त्याला घेऊन यावे. चार रविवार त्याला काम करताना पाहिले म्हणजे आमच्या सल्ल्याची फारशी गरज उरणार नाही. कागद आणि पेन्सिली आम्ही पुरवू. खोडरबर मिळणार नाही. पट्टी आणि गुण्या मात्र ज्याने त्याने घरून आणावा, आमच्याजवळ एकेकच आहे आणि तो वडिलांच्या पेटीतला आहे.